बोजारा

बोजारा : पोळ्याच्या दिवशी बैल दारी आणणाऱ्या गड्याला विदर्भातील खेड्यांत दिले जाणारे पैसे. पिठोरी अमावास्येला तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या (पोळ्यात म्हटली जाणारी लोककवने) होतात, मानकरी तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. मारुतीचे दर्शन झाल्यावर गडी बैल धन्याच्या घरी आणि तेथून भाऊबंदांकडे, शेजाऱ्यांकडे नेतो. घरची बाई बैलांना ओवाळते, पुरणपोळीचा घास भरवते आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवते.

सालगडी, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी, गुढीपाडव्याला ठरतो. त्याचे साल, म्हणजे वर्षाचा मोबदला, रोखीत, बरेचदा जोडीला ज्वारी-गहू धरून, बोलले जाते. पाडवा ते पोळा या काळात वखरणी, पेरणी, डवरणी अशी बैलांची जड कामे उरकलेली असतात. धन्याचा हात मात्र याच वेळी सर्वांत रिकामा असतो, कारण बियाणे, खत व निंदणाचा खर्च होऊन गेलेला आणि कापूस घरात यायला दसरा-दिवाळी उजाडायची असते. कोरडवाहू शेतकऱ्याला अशा दिवसांत मोठी रक्कम देणे शक्य नसते. म्हणून नवे कपडे, पुरणाचे जेवण, कामाला सुट्टी आणि गावासमोर आपली जोडी मिरवण्याचा मान अशा रूपांत गड्याची कदर होते. बोजारा एकट्या धन्याला द्यावा लागत नाही, हे या प्रथेचे विशेष मोल. अनेक घरांतून थोडे थोडे जमते आणि चांगली जोपासलेली जोडी सारे गाव पाहते.

बोजारा हा हक्क की बक्षीस, हा प्रश्न उरतो. बलुत्याशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु बलुते सुगीत, धान्यरूपाने आणि कसबाच्या कामाबद्दल मिळे, तर बोजारा सुगीआधी, रोख आणि गड्याला मिळतो. रक्कम देणाऱ्याच्या ऐपतीवर असल्याने तो बक्षिसासारखा दिसतो. तरीही ओवाळलेले बैल रित्या हाताने परत पाठवणे अशुभ व अपमानाचे समजतात, आणि तो सालाच्या रकमेतून वळता करू नये असा संकेत आहे. ही दोन बंधने पाहता त्याला रूढीने बांधलेला हक्क मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तोरणाच्या मानाची गोष्ट निराळी. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या मुलखात तो बहुधा मालगुजाराकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाकडे, तर वऱ्हाडात पाटलाकडे असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. पुष्कळ गावांत मान मात्र त्याच घराण्यांकडे राहिला.

दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल घरोघर नेऊन बोजारा मागतात. हा सण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुमारे १८०६ मध्ये नागपुरात सुरू केल्याचे परंपरा सांगते.

निंदण व वेचणी करणाऱ्या मजूर बायांना या प्रथेत वाटा नाही, कारण बोजारा बैलांच्या राखणीशी जोडलेला आहे. शेतीतील केवढे तरी काम त्यांच्या हातून होत असता ही उणीव ठळक दिसते. ट्रॅक्टर आल्यावर जोड्या कमी झाल्या, सालगडीही कमी झाले आणि मोठ्या पोळ्याचा बोजारा अनेक गावांत आक्रसला.