होस्ट्स फाइलद्वारे जाहिरातरोध

संगणकाच्या होस्ट्स या मजकूर फाइलमध्ये जाहिराती पुरवणाऱ्या सर्व्हरांची नावे कुठेही न पोहोचणाऱ्या पत्त्याला जोडून वेबवरील जाहिराती अडवण्याची पद्धत. तिला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही आणि एकदा केलेला बदल त्या संगणकावरील सर्व ब्राउझरांना व सर्व वापरकर्त्यांना लागू होतो. ही फाइल जाहिरात ओळखत नाही, फक्त नाव ओळखते. पद्धतीचे बहुतेक फायदे आणि जवळजवळ सगळ्या अडचणी यातूनच निघतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात एकाच दुकानातल्या एकाच संगणकावर आरटीसी (कर्नाटकातील जमिनीचा) उतारा काढला जातो, नाडकचेरीचा, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयाचा, अर्ज भरला जातो आणि मराठी लग्नपत्रिकेची जुळणीही होते. संगणक जुना, हाताळणारे अनेक आणि प्रत्येकाचा ब्राउझर निराळा, अशा ठिकाणी ही पद्धत विशेष सोयीची पडते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे मोबाइलची रेंज तुटक असते. तिथे फोनच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्याला आणखी एक लाभ होतो. जाहिरात उतरवून मग लपवली जात नाही, तिची मागणीच संगणकाबाहेर जात नाही, त्यामुळे तेवढा डेटा वाचतो.

पूर्वपीठिका. होस्ट्स फाइल जाहिरातींसाठी जन्मली नाही. आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्याच्या, काळात त्यावरील सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत. ही यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्र सांभाळी आणि इतर केंद्रे ती वेळोवेळी उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही रीत झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे नावे शोधून देणारी विखुरलेली व्यवस्था मांडली आणि सामायिक यादीची गरज संपली. प्रत्येक संगणकातली स्थानिक फाइल मात्र राहिली, आणि डीएनएसला विचारण्याआधी ती पाहायची हा क्रमही राहिला. जाहिरातरोध उभा आहे तो याच क्रमावर.

कार्य. बातमीचे एक पान उघडले की ब्राउझर त्या दैनिकाच्या सर्व्हरखेरीज इतर अनेक सर्व्हरांकडे मागण्या पाठवतो. त्यांतले काही जाहिराती देतात, काही वाचकाच्या हालचाली नोंदवतात. प्रत्येक मागणीआधी नावाचा पत्ता लागतो. तो होस्ट्स फाइलमध्ये सापडला तर शोध तिथेच थांबतो. डबलक्लिक.नेट या जाहिरात सर्व्हरच्या नावाआधी ०.०.०.० असे लिहिलेले असेल तर मागणी जागच्या जागी फसते आणि जाहिरातीची चौकट रिकामी राहते.

जुन्या याद्यांत ०.०.०.० ऐवजी १२७.०.०.१ असतो. हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता. त्यानेही जाहिरात अडते, पण ब्राउझर आपल्याच संगणकाच्या दारावर टकटक करतो. त्या संगणकावर झॅम्पसारखा स्थानिक वेब सर्व्हर चालू असेल, तर जाहिरातीच्या चौकटीत त्याचे पान किंवा त्रुटीसंदेश दिसतो आणि सुरक्षित जोडणीत प्रमाणपत्राची तक्रार येते. विंडोजमध्ये ०.०.०.० हा पोहोचण्याजोगा पत्ताच नसल्याने नकार लगेच मिळतो. नवी यादी करताना तोच घ्यावा.

लेखनाचे नियम. एका ओळीत आधी पत्ता, मग किमान एक मोकळी जागा किंवा टॅब, मग नाव. # या चिन्हापुढचा मजकूर शेरा मानून सोडला जातो. एका पत्त्यापुढे अनेक नावे चालतात, मात्र विंडोज एका ओळीत नऊच नावे मानते, दहावे वाचले जात नाही. नावाआधी एचटीटीपीएस लावायचे नाही आणि नावापुढे तिरकी रेघ किंवा पानाचा मार्ग लिहायचा नाही.

तारांकित नावे चालत नाहीत, आणि नवख्याची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. डबलक्लिक.नेट अडवले म्हणून अ‍ॅड.डबलक्लिक.नेट अडत नाही. प्रत्येक उपनावाला स्वतंत्र नोंद लागते, म्हणूनच तयार याद्या हजारो ओळींच्या असतात.

या नोंदीत नावे व पत्ते देवनागरीत दिले असले तरी फाइलमध्ये ते रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहावे लागतात. मराठी कळफलकाने टाइप केलेला शून्य संगणकाला पत्त्यातला शून्य वाटत नाही. बेळगावच्या डीटीपी दुकानांत ही चूक हमखास होण्यासारखी असते, कारण मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी ही टंकलेखनाची सॉफ्टवेअरे आलटून पालटून चालू असतात. नुडी चालू राहिली तर नोटपॅडमध्ये निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. फाइल उघडण्यापूर्वी दोन्ही बंद कराव्यात. देवनागरीतील .भारत किंवा कन्नड लिपीतील तशाच प्रत्ययाची नावे अडवायची झाल्यास ती पुनीकोडमध्ये, म्हणजे एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात लिहावी लागतात.

विंडोजमधील कृती. फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमाने आत गेल्यावर सापडते. तिचे नाव नुसते होस्ट्स, पुढे टीएक्सटी वगैरे काही नाही. आधी तिची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी.

स्टार्ट मेनूत नोटपॅड शोधून त्यावर उजवी क्लिक करावी आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. नेहमीच्या पद्धतीने नोटपॅड उघडले तर सगळे लिहून झाल्यावर जतन करताना परवानगी नाकारली जाते. मग फाइल-ओपनमधून वरील फोल्डरात जावे. तिथे काहीच दिसत नाही, कारण नोटपॅड फक्त टीएक्सटी फाइली दाखवते. खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘ऑल फाइल्स’ निवडले की होस्ट्स दिसते. आधीच्या ओळींना हात न लावता शेवटी नव्या ओळी जोडाव्यात आणि ‘सेव्ह’ करावे. ‘सेव्ह अ‍ॅज’ केल्यास होस्ट्स.टीएक्सटी अशी वेगळीच फाइल तयार होते. एक्सप्लोररमध्ये फाइलींचे प्रत्यय लपवलेले असले तर ती खऱ्या फाइलसारखीच दिसते, पण संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

फाइल आन्सी किंवा बीओएमविना, म्हणजे सुरुवातीला अदृश्य संकेतचिन्ह नसलेल्या, यूटीएफ-८ या संकेतात असावी. जुन्या नोटपॅडच्या यादीतील ‘युनिकोड’ हा पर्याय म्हणजे यूटीएफ-१६. मराठी मजकुरासाठी तो निवडण्याची सवय असलेल्यांनी इथे तो टाळावा, नाहीतर पूर्ण फाइल निकामी होते. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून बीओएमविना यूटीएफ-८ वापरते.

जतन केल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस अशी आज्ञा द्यावी. तिने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातात. ब्राउझरही थोडा वेळ पत्ते स्वतःजवळ ठेवतो, म्हणून तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. चाचणीसाठी एनएसलुकअप वापरू नये. ती आज्ञा होस्ट्स फाइल न पाहता थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, त्यामुळे सगळे बरोबर असूनही खरा पत्ता दाखवते आणि माणूस उगाच तासभर शोधत बसतो. त्याऐवजी पिंग ही आज्ञा वापरावी. १२७.०.०.१ लिहिले असेल तर उत्तर स्वतःच्याच संगणकाकडून येते, ०.०.०.० असेल तर पिंग अयशस्वी होते.

लिनक्समध्ये हीच फाइल मूळ निर्देशिकेतील ईटीसीमध्ये असते, मॅकवरही तोच मार्ग चालतो. दोन्हीकडे ती सुडो ही प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा लावून संपादित करावी लागते. अँड्रॉइड फोनवर ती प्रणालीच्या संरक्षित भागात असल्याने फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे त्यावर प्रशासकाचे अधिकार मिळवल्याशिवाय, बदलता येत नाही. फोनसाठी अँड्रॉइड ९पासून मिळणाऱ्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये जाहिराती गाळणाऱ्या डीएनएस सेवेचे नाव भरणे हा सोपा मार्ग आहे.

याद्या. कोणती नावे अडवायची हे ब्राउझरमध्येच पाहता येते. एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ भाग उघडावा आणि पान पुन्हा चढवावे. आलेल्या प्रत्येक घटकापुढे त्याच्या सर्व्हरचे नाव दिसते. पाचसहा नेहमीची संकेतस्थळे असतील तर अशी हाताने केलेली वीसतीस नावांची यादी बऱ्याचदा पुरते, आणि ती का केली हे लक्षातही राहते. तयार याद्यांपैकी स्टीव्हन ब्लॅक यांची एकत्रित यादी परिचित आहे. तीत इतरांच्या अनेक याद्या एकत्र करून दुबार नावे काढलेली असतात. जाहिरात कंपन्या नावे बदलत राहतात, त्यामुळे वर्षभर न बदललेली यादी भोकांची चाळण होते.

मोठ्या यादीचा जुन्या विंडोज संगणकावर त्रास होतो. डीएनएस क्लायंट ही सेवा पूर्ण फाइल वाचून स्मृतीत ठेवते. लाखाच्या घरातील ओळी असल्या की संगणक सुरू होताना किंवा जोडणी बदलताना प्रोसेसर काही वेळ तिच्यातच गुंततो. ही सेवा बंद करण्याचा सल्ला जागोजागी दिला जातो, पण विंडोज १०मध्ये ती नेहमीच्या खिडकीतून बंदही करता येत नाही, आणि रजिस्ट्रीतून केली तर दुसऱ्याच गोष्टी बिघडू शकतात. यादी लहान ठेवलेली बरी.

मर्यादा. यूट्यूबवरील व्हिडिओमधल्या जाहिराती या पद्धतीने जात नाहीत. त्या मूळ व्हिडिओ देणाऱ्याच सर्व्हरांवरून येतात, आणि नाव अडवले तर व्हिडिओही जातो. फेसबुकचेही तसेच. एखाद्या दैनिकाने बेळगावच्या गणपत गल्लीतील कापड दुकानाची जाहिरात स्वतःच्याच सर्व्हरवर चित्र म्हणून ठेवली असेल तर तीही दिसत राहते. छोट्या दैनिकाच्या दृष्टीने हे वाईट नाही, कारण त्याचे थेट उत्पन्न बुडत नाही. काही जाहिरात कंपन्या संकेतस्थळाच्याच उपनावाआड लपतात. ते उपनाव डीएनएसमध्ये दुसऱ्या नावाकडे वळते, पण होस्ट्स फाइलला फक्त ते उपनाव दिसते, त्यामागचे दुसरे नाव नाही.

संगणक एचटीटीपी प्रॉक्सीमार्फत, म्हणजे मागण्या पुढे पोहोचवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत, जोडलेला असेल तर नावाचा शोध प्रॉक्सी घेते आणि स्थानिक फाइल बाजूला पडते. कार्यालयांत किंवा महाविद्यालयीन प्रयोगशाळांत सगळे नीट करूनही परिणाम दिसला नाही, तर आधी प्रॉक्सीची सेटिंग पाहावी.

बिघाड. एखाद्या पानावर बटण दाबूनही काही घडत नाही, पैसे भरण्याचा टप्पा पांढरा राहतो किंवा ई-मेलमधील दुवा उघडत नाही, तेव्हा पानाला लागणारे एखादे नाव यादीत अडकले असण्याची शक्यता असते. सेवासिंधू किंवा भूमी या कर्नाटकच्या सरकारी संकेतस्थळांवर काम करताना समोर ग्राहक ताटकळत असतो, शोधाशोध करायला वेळ नसतो. म्हणून होस्ट्सची मूळ प्रत परत बसवून पत्ते पुसण्याची आज्ञा देणारी छोटी बॅच फाइल डेस्कटॉपवर ठेवावी आणि ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावी. काम अडले ते यादीमुळे की सर्व्हरमुळे, हे मिनिटभरात कळते. यादीमुळे असेल तर नंतर सवडीने निम्म्या ओळींच्या सुरुवातीला # लावून पाहावे, मग उरलेल्यांतल्या निम्म्या. दोषी ओळ लवकर हाती लागते.

गूगलच्या निकालांत वर येणारे प्रायोजित दुवेही उघडत नाहीत, कारण ते जाहिरातीच्या सर्व्हरवरून वळसा घेऊन जातात. पुष्कळांना हा दोष वाटतो. दुकानदाराच्या दृष्टीने ती सोयच आहे, कारण सरकारी सेवेचे नाव शोधल्यावर वर येणारे खासगी, पैसे उकळणारे नकली पान चुकून उघडले जात नाही. फुकट फॉन्ट देणाऱ्या पानांवरील ‘डाउनलोड’ अशी खोटी हिरवी बटणेही बहुधा जाहिरातीच असतात, तीही अदृश्य होतात.

होस्ट्स फाइल बदलून बँकेच्या नावाला नकली पत्ता जोडणे ही घातक सॉफ्टवेअरची जुनी युक्ती. त्यामुळे विंडोज डिफेंडर या फाइलवर नजर ठेवतो. २०२०पासून मायक्रोसॉफ्टचे माहिती गोळा करणारे सर्व्हर अडवणाऱ्या नोंदी दिसल्या की तो ‘होस्ट्सफाइलहायजॅक’ असा इशारा देतो, आणि दुरुस्ती मान्य केल्यास फाइल मूळ रूपात आणतो, म्हणजे सगळी यादी पुसली जाते. ती नावे मुळातच यादीत घेऊ नयेत. फाइलमध्ये आपण न लिहिलेली बँकेची किंवा अँटिव्हायरसची नावे आढळली, तर मात्र संगणक तपासून घ्यावा.

पर्याय. ब्राउझरमधील यूब्लॉक ओरिजिनसारखे विस्तार नावाखेरीज पानाचा मार्गही तपासतात आणि रिकामी चौकटही मिटवतात, म्हणून एकट्याच्या संगणकावर ते सरस ठरतात. घरातील किंवा दुकानातील सगळ्या उपकरणांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल हे जाहिराती गाळणारे डीएनएस सॉफ्टवेअर बसवता येते. ते तारांकित नियम मानते, आणि फोनही त्याच्या कक्षेत येतात.