अमेरिकन फुटबॉलमधील गंभीर दुखापती आणि मृत्यू

अमेरिकन फुटबॉल हा धावत्या खेळाडूला अंगावर जाऊन पाडण्याचा खेळ आहे, त्यामुळे त्यात मार लागतो यात नवल काही नाही. या नोंदीचा विषय त्यापुढचा आहे, म्हणजे खेळताना किंवा सराव करताना झालेले मृत्यू, मान मोडून कायमचं लुळेपण येणं, आणि खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनी दिसणारे मेंदूचे विकार. गुडघ्याचे लिगामेंट, खांदे, घोटे, फुटलेली हाडं यांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे पण ते इथे घेतलेलं नाही.

आधी मोजणीचं बोलायला हवं, कारण आकडे सगळीकडे फेकलेले असतात आणि कशाचे ते कोणी सांगत नाही. अमेरिकेत प्रशिक्षकांच्या संघटनेने १९३१ पासून फुटबॉलमधल्या मृत्यूंची वार्षिक पाहणी सुरू केली, पुढे हे काम चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या केंद्राकडे गेलं. या पाहणीत मृत्यूचे दोन प्रकार करतात. थेट मृत्यू म्हणजे टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं), ब्लॉक (समोरच्याला अंगाने अडवणं) वगैरे खेळाच्या कृतीतूनच झालेल्या जखमेचा, आणि अप्रत्यक्ष मृत्यू म्हणजे श्रमामुळे शरीराची एखादी यंत्रणा कोलमडून आलेला, उदा. हृदय बंद पडणं, उष्माघात, सिकलसेलचा गुण (रक्तपेशींचा आनुवंशिक दोष) असलेल्या खेळाडूच्या रक्तपेशी जोराच्या व्यायामात आकार बदलणं. अलीकडच्या काळात दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त असतो, आणि मरणारे बहुतेक शाळकरी मुलगे असतात, व्यावसायिक नव्हेत, कारण मुळात खेळणारेच तिथे जास्त, हायस्कूल पातळीवर दरवर्षी दहा लाखांच्या आसपास मुलं खेळतात. व्यावसायिक लीगमध्ये म्हणजे एनएफएलमध्ये चालू सामन्यात मैदानावर कोसळून मेलेला खेळाडू आजवर एकच धरला जातो, डेट्रॉइट लायन्सचा चक ह्यूज, २४ ऑक्टोबर १९७१, वय २८. आणि तोही टक्कर होऊन नाही, तर हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या होत्या म्हणून. म्हणजे वरच्या वर्गवारीत तो अप्रत्यक्षच.

१९०५ चा प्रश्न

या विषयावर काहीही वाचायला घेतलं की १९०५ येतंच. प्रचलित गोष्ट अशी की त्या हंगामात १८ (किंवा १९) खेळाडू मेले, ते वाचून अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट भडकले, व्हाइट हाउसमध्ये मोठ्या विद्यापीठांना बोलावून खेळ सुधारा नाहीतर बंदी घालतो असा दम दिला, आणि त्यातून नवे नियम आले. यातला प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा लागतो.

आकडा वर्तमानपत्रांचा आहे. शिकागो ट्रिब्यूनने नोव्हेंबरच्या शेवटी हंगामाची गोळाबेरीज छापली ती १९ ची, इतरत्र १८ येतो, गंभीर जखमींची संख्या कुठे १३७ तर कुठे १५९. या याद्यांमध्ये गल्लीतल्या मोकळ्या जागेत खेळणारी पोरं, शाळांचे संघ, सगळे एकत्र होते. कॉलेजचे खेळाडू त्यात तीनच असं सामान्यतः मानतात. डॉक्टरी तपासणीने ठरवलेली ही संख्या नव्हे, त्यामुळे "सुमारे १८" इतकंच म्हणणं बरं.

दुसरं म्हणजे तारखा. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनची माणसं रूझवेल्टना भेटली ती ९ ऑक्टोबर १९०५ ला, हंगाम नुकताच सुरू झालेला, आणि ट्रिब्यूनची गोळाबेरीज आली त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी. मग त्या आकड्यामुळे बैठक झाली हे कसं शक्य आहे? बैठकीमागे त्या उन्हाळ्यात मासिकांत आलेले कॉलेज फुटबॉलमधल्या लबाडीवरचे लेख होते, आणि ग्रोटन शाळेचे मुख्याध्यापक एन्डिकॉट पीबडी यांचा आग्रह होता. बोलणं झालं ते मुख्यतः मुद्दाम केलेल्या मारामारीवर आणि नियम पाळण्यावर. बंदीच्या धमकीला समकालीन कागदाचा आधार नाही, आणि खासगी कॉलेजांचा खेळ बंद करायचा अधिकार अध्यक्षांना होता तरी कुठे. उलट रूझवेल्टना हा दणकट खेळ टिकायला हवा होता, त्यांचा थोरला मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात होता आणि त्याचं नाकही मोडलं. स्वार्थमोरच्या बॉब मॅक्सवेलचा रक्तबंबाळ चेहऱ्याचा फोटो बघून अध्यक्ष हादरले ही गोष्टही फार आवडीने सांगतात, पण तो फोटो शोधणाऱ्यांना मिळालेला नाही, ती बहुधा नंतर जोडलेली असावी.

खरी चक्रं फिरली ती २५ नोव्हेंबरला. न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात युनियन कॉलेजचा एक खेळाडू मेंदूत रक्तस्राव होऊन मेला आणि त्या विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्क्रॅकन यांनी कॉलेजांची परिषद बोलावली. डिसेंबरच्या परिषदेला साठेक संस्था आल्या, त्यातून १९०६ मध्ये जी संघटना झाली तिचंच नाव १९१० पासून एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची देशपातळीवरची संघटना. त्यामुळे काही अभ्यासक रूझवेल्टपेक्षा मॅक्क्रॅकनना जास्त श्रेय देतात, आणि तारखा बघता तेच पटतं, जरी अध्यक्षांच्या दबावाशिवाय जुनी नियम समिती हलली नसती हेही खरं असू शकेल.

१९०६ च्या नियमांनी चेंडू पुढे फेकण्याला परवानगी दिली, दोन्ही संघांच्या रांगांमध्ये चेंडूच्या लांबीइतकी मोकळी पट्टी ठेवली, आणि तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड जायला सांगितलं, म्हणजे नुसतं गर्दी करून रेटत बसण्यात फायदा उरू नये. लगेच फरक पडला असं मात्र नाही. १९०९ च्या हंगामात वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा एक कॅडेट हार्वर्डविरुद्ध खेळताना मान मोडून मेला, काही दिवसांनी व्हर्जिनियाचा एक खेळाडू गेला, आणि मग १९१० मध्ये आपल्या चेंडूवाल्याला मागून ढकलणं, पुढून ओढणं, हात गुंफून भिंत करणं हे सगळं बंद झालं. मधल्या काळात कोलंबियाने खेळच बंद केला होता, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे गेले होते. सगळे अखेर परतले.

हेल्मेट

लोकांना वाटतं हेल्मेट आलं आणि मृत्यू थांबले. तसं झालं नाही, थोडं उलटंच झालं. आधी चामड्याच्या टोप्या होत्या, १९३९ च्या सुमारास रिडेल कंपनीने प्लास्टिकचं कवच आणलं, एनएफएलमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं १९४३ मध्ये, पुढे तोंडासमोर जाळी आली. कवटी फुटणं, नाक-दात जाणं कमी झालं खरं, पण डोकं सुरक्षित वाटायला लागल्यावर खेळाडू डोकंच पुढे घालून धडकायला लागले, आणि प्रशिक्षक तसं शिकवायचेसुद्धा. १९६८ मध्ये सगळ्या पातळ्या मिळून ३६ थेट मृत्यू नोंदले गेले, पाहणीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा आकडा. बहुतेकांचं कारण मेंदूवरच्या आवरणाखाली झालेला रक्तस्राव, कारण हेल्मेट कवटीला वाचवतं पण कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच, आणि मेंदूवरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात.

मानेचं गणित वेगळं आहे. सरळ उभं असताना मानेच्या मणक्यांना मागे किंचित बाक असतो, धक्का बसला की तो बाक आणि आजूबाजूचे स्नायू मिळून धक्का पचवतात. डोकं साधारण ३० अंश खाली झुकवलं की हा बाक निघून जातो, मणके एकावर एक रचलेल्या डब्यांसारखे सरळ होतात, आणि डोक्याचा माथा समोरच्यावर आदळला की डोकं थांबतं पण मागून येणारं धड थांबत नाही, मधल्या मध्ये मान चिरडते. फिलाडेल्फियाचे अस्थिशल्यविशारद जोसेफ टॉर्ग यांनी १९७५ मध्ये अशा दुखापतींची नोंदवही सुरू करून सामन्यांच्या फिल्म बघत हे दाखवून दिलं. त्याआधी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की हेल्मेटची मागची कड मानेत घुसते म्हणून इजा होते, किंवा मान जास्त मागे वाकते म्हणून. टॉर्ग यांचं स्पष्टीकरण आता सर्वमान्य आहे. १९७६ मध्ये शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे डोक्याने पहिला धक्का मारायला बंदी आली आणि कायमच्या चारही अंगांच्या लुळेपणाची प्रकरणं १९७६ च्या ३४ वरून १९८४ मध्ये ५ वर आली. एका ओळीचा नियम बदलून इतका फरक पडल्याची उदाहरणं खेळांच्या वैद्यकात फार नाहीत. हेल्मेटचं प्रमाणीकरणही त्याच काळातलं, १९७३ चं मानक, कॉलेजांना १९७८ पासून आणि शाळांना १९८० पासून सक्तीचं, त्यामुळे श्रेय कोणाला किती हा वाद आहे, पण मानेपुरतं तरी नियमालाच द्यावं लागेल. १९९० मध्ये एकही थेट मृत्यू नोंदला गेला नाही, पाहणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

व्यावसायिक खेळात मान मोडण्याचं सगळ्यात बोललं गेलेलं प्रकरण डॅरिल स्टिंग्लीचं, १२ ऑगस्ट १९७८, तेही सरावाच्या सामन्यात. प्रतिस्पर्धी संघाच्या जॅक टेटमच्या धडकेनंतर तो आयुष्यभर व्हीलचेअरवर होता, २००७ मध्ये गेला. टेटमला पेनल्टीसुद्धा झाली नव्हती, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती.

ऊन आणि हृदय

१ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर, दीडशे किलोच्या आसपासचा लाइनमन, आदल्या दिवशीच्या सरावात झालेल्या उष्माघाताने मेला, शरीराचं तापमान १०८ फॅरनहाइटच्या वर गेलेलं. हंगामापूर्वीचा सराव भर ऑगस्टमध्ये, अंगावर पॅड आणि हेल्मेट, घाम वाळायला जागा नाही, आणि पाणी मागणं म्हणजे कच्चेपणा अशी जुनी समजूत. उष्माघाताचा मृत्यू जवळजवळ पूर्ण टाळता येतो असं या विषयातले लोक सांगतात, नियम साधा आहे, आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवा मग दवाखान्यात न्या. स्ट्रिंगरच्या नावाने कनेटिकट विद्यापीठात २०१० पासून संस्था चालते. सिकलसेलच्या गुणासाठी एनसीएएने तपासणी आणली तीही २०१० मध्ये, राइस विद्यापीठातल्या एका खेळाडूच्या २००६ मधल्या मृत्यूनंतर.

२ जानेवारी २०२३ ला बफेलोचा डमार हॅम्लिन सिनसिनाटीविरुद्ध टॅकल करून उठला आणि लगेच मागे कोसळला. छातीवर नेमक्या त्या क्षणी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातल्या सेकंदाच्या अगदी लहानशा भागात, बोथट मार बसला तर निरोगी हृदयाची लयसुद्धा बिघडते, याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हे बेसबॉलमध्ये जास्त ऐकू येतं. मैदानावरच सीपीआर आणि विजेचा झटका दिल्याने तो वाचला, सामना रद्द झाला, आणि त्याच वर्षी तो परत खेळायला लागला.

मेंदूचा उशिरा दिसणारा विकार

सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून होणारा मेंदूचा विकार) या नावाने जो विकार आता घरोघरी माहीत झालाय त्याच्या शोधाचं श्रेय कोणाचं हा वाद बराच मोठा आहे. नेहमी सांगतात ते असं की नायजेरियात जन्मलेले पिट्सबर्गचे शवविच्छेदक बेनेट ओमालू यांनी २००२ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी वारलेल्या माजी एनएफएल खेळाडू माइक वेबस्टरच्या मेंदूत हा रोग शोधला, नाव दिलं आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केला. पण ठोसे खाऊन भ्रमिष्ट झालेल्या मुष्टियोद्ध्यांचं वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केलं होतं, आणि हे इंग्रजी नाव मॅक्डॉनल्ड क्रिचली यांच्या १९४९ च्या लेखाच्या शीर्षकातच आहे. तेव्हा ओमालूंना विकाराचा किंवा नावाचा जनक म्हणण्यापेक्षा व्यावसायिक फुटबॉलपटूच्या मेंदूत तो प्रथम नोंदवणारे म्हणणं सुरक्षित. त्यांचं काम त्याने लहान होत नाही, कारण लीगने डोक्याच्या दुखापतींसाठी नेमलेल्या समितीने तो लेख मागे घ्यायला लावायचा प्रयत्न केला होता, आणि त्या समितीचा अनेक वर्षांचा प्रमुख मेंदूतज्ज्ञ नव्हे तर संधिवाताचा डॉक्टर होता, हे इथे नमूद करायलाच हवं.

विकृती म्हणजे टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुठळ्यांसारखे साठे, मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती. खात्रीचं निदान अजून मृत्यूनंतरच होतं. बोस्टन विद्यापीठाच्या अॅन मॅकी यांच्या गटाने २०१७ मध्ये एनएफएल खेळलेल्या १११ पैकी ११० मेंदूंत तो आढळल्याचं छापलं. हा आकडा वाचून ९९ टक्के खेळाडूंना रोग होतो असं लोक लिहितात ते चूक आहे, कारण मेंदू दान करणाऱ्या कुटुंबांना आधीच शंका असते, आणि हे लेखकांनी स्वतःच सांगितलेलं आहे. दुसऱ्या बाजूने, निवृत्त खेळाडूंच्या मृत्युदाखल्यांवर २०१२ मध्ये झालेल्या सरकारी अभ्यासात मेंदू झिजण्याच्या रोगांनी होणारे मृत्यू सामान्य पुरुषांच्या सुमारे तिप्पट निघाले, जरी एकूण मृत्युदर कमीच होता. दोन्ही आकडे एकत्र ठेवून वाचावेत.

खटल्यांचं थोडक्यात. हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यात २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, न्यायाधीशांना ती पुरेशी वाटली नाही, वरची मर्यादा काढून २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. भरपाईच्या चाचण्यांत काळ्या खेळाडूंची बौद्धिक पातळी मुळात कमी धरणारं कोष्टक वापरलं जात होतं, ते बंद करायचं २०२१ मध्ये कबूल झालं. लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध उघडपणे मान्य केला तो मार्च २०१६ मध्ये, संसदेच्या समितीपुढे.

शाळकरी मुलांत वेगळी भीती असते ती दुसऱ्या धक्क्याची. पहिला मुका मार बरा व्हायच्या आत पुन्हा लागलं तर मेंदू झपाट्याने सुजतो असं १९८४ पासून सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम या नावाने लिहिलं जातंय, काही तज्ज्ञ याला स्वतंत्र विकार मानायला तयार नाहीत. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये अशा मुलाला डॉक्टरच्या परवानगीशिवाय परत मैदानात उतरवायला बंदी घातली, आणि पाच वर्षांत सगळ्या राज्यांत कन्कशनचे, म्हणजे मेंदूला बसलेल्या अशा मुक्या माराचे, कायदे झाले.

किकऑफ

शेवटी एका जुन्या डावाचं. १८९२ मध्ये येलविरुद्ध हार्वर्डने दुसऱ्या अर्ध्याच्या किकऑफला (चेंडू लाथेने मारून खेळ सुरू करतात तेव्हा) पाचरीची चाल काढली, दोन तुकड्या लांबून धावत येऊन चेंडूवाल्याभोवती बाणाच्या टोकासारख्या जुळायच्या आणि एकाच माणसावर जाऊन आदळायच्या. ती सुचली लॉरिन डीलँड या बॉस्टनच्या गृहस्थाला, जो स्वतः कधी फुटबॉल खेळलेला नव्हता, बुद्धिबळ आणि नेपोलियनच्या लढाया हा त्याचा षौक. हार्वर्ड तो सामना हरलं, पण चाल सगळ्यांनी उचलली आणि १८९४ मध्ये तिच्यावर बंदी आली. लांबून धावत येऊन धडकणं मात्र किकऑफमध्ये राहिलंच, आणि त्यात दुखापतींचं प्रमाण जास्त म्हणून एनएफएलने २०२४ मध्ये रचना बदलली. आता दोन्हीकडचे बहुतेक खेळाडू जवळजवळ समोरासमोर उभे राहतात आणि चेंडू पकडला जाईपर्यंत किंवा जमिनीला लागेपर्यंत त्यांनी जागचं हलायचं नाही.