उसण भरली, आता उठायचं कसं?

खाली पडलेला चष्मा उचलायला माणूस वाकतो आणि तिथेच अडकतो. कंबरेत कळ येते, सरळ होता येत नाही, खाली बसताही येत नाही. मराठीत याला उसण भरणं म्हणतात. तिशीत उसण भरली तर चार दिवस कण्हून माणूस कामाला लागतो. सत्तरीत दुखणं साधारण तेवढंच असतं, पण ते उतरेपर्यंत पायांतलं बळ गेलं तर ते आपोआप परत येत नाही. उतारवयात खरी धास्ती कंबरेपेक्षा खाटेची बाळगायला हवी.

उसण भरते तेव्हा नेमकं काय बिघडतं, हे दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत कोणत्याही तपासणीतून ठामपणे सांगता येत नाही. मणक्यांमागचा एखादा छोटा सांधा, हाडांना बांधून ठेवणारा एखादा अस्थिबंध, दोन मणक्यांमधल्या चकतीचं (गादीचं) बाहेरचं कडं, स्नायू, यातलं काहीही चिडलेलं असू शकतं. मग आजूबाजूचे स्नायू आवळून बसतात आणि हालचाल अडवतात. 'गादी सरकली' हे आपण सर्रास म्हणतो, पण चकती सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला मऊ गर फुगून बाहेर येतो, एवढंच. आणि असा फुगवटा म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असंही नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ऐंशीच्या घरातल्या 84 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या आणि 96 टक्क्यांच्या झिजलेल्या. या वयातल्या मणक्यांचा एमआरआय म्हणजे पांढऱ्या केसांचा फोटो. धोक्याची खूण नसताना पहिल्याच आठवड्यात तो काढला, तर अहवालातल्या शब्दांनी माणूस जास्त घाबरतो आणि कमी हलतो.

आडवं व्हायचं, पण मोजून

1995 मध्ये फिनलंडमध्ये, हेलसिंकीत, अचानक कंबर धरलेल्या लोकांचे तीन गट करून पाहिले. एका गटाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम, तिसऱ्याला 'झेपेल तितकी रोजची कामं करत राहा' एवढाच सल्ला. सगळ्यात लवकर तिसरा गट बरा झाला. ही सगळी नोकरी करण्याच्या वयातली माणसं होती. उतारवयात काय होतं ते 2007 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. सरासरी 67 वर्षं वयाच्या, धडधाकट स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर दोन्ही पायांतून मिळून जवळपास एक किलो स्नायू गेला. दुखणं नव्हतं, आजार नव्हता, जेवण नीट होतं. शिवाय पडून राहिलं की पोट साफ होत नाही, कुंथावं लागतं, आणि कुंथलं की कंबरेत पुन्हा कळ.

पहिले दोन दिवस दुखणं असह्य झालं तर जरूर आडवं व्हावं, पण एका वेळी वीस-तीस मिनिटं. पाठीवर झोपून गुडघ्यांखाली दोन उशा, किंवा कुशीवर वळून गुडघ्यांच्या मधे एक उशी. दोन्हीत कंबरेची कमान सैल पडते. जागेपणी दर तासाला एकदा उठून खोलीच्या दारापर्यंत का होईना, जाऊन यायचं. दुखणं थोडं वाढलं आणि बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत उतरलं, तर काही बिघडलेलं नाही. रात्रभर ठणकत राहिलं, तर दुसऱ्या दिवशी फेऱ्या तेवढ्याच, पण अंतर निम्मं.

उठण्याची रीत

सगळ्यात जास्त कळ येते ती पलंगावरून उठताना, आणि ती बहुतेकदा उठण्याच्या चुकीमुळे. पाठीवरून सरळ उठून बसायला गेलं की पोटाचे आणि मांडीच्या मुळाशी असलेले स्नायू एकदम ताणून कंबरेच्या मणक्यांवर जोर टाकतात. त्याऐवजी आधी दोन्ही गुडघे एकेक करून वाकवायचे, पावलं गादीवर टेकलेली. खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी, लाकडाचा ओंडका लोळावा तसे, पलंगाच्या कडेकडे वळवायचे. आधी गुडघे आणि मागून खांदे असं केलं की कंबर पिळवटते. कुशीवर आल्यावर वरचा तळहात छातीसमोर गादीवर रोवायचा, खालचं कोपर टेकवायचं. आता पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच क्षणी हातांनी गादी ढकलायची. पायांचं वजन खाली जातं तसं धड तराजूसारखं वर येतं. श्वास रोखायचा नाही, ढकलताना तोंडाने सोडायचा.

बसल्यावर मिनिटभर थांबायचं. पावलं घोट्यातून दहा वेळा वर-खाली करायची. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि कंबर धरलेल्या माणसाला तोल सावरता येत नाही. मदतीला आलेल्याने हात धरून ओढू नये. खांदा दुखावतो आणि ओढलेला माणूस घाबरून सगळं अंग आवळतो. एक हात खांद्यामागे, दुसरा गुडघ्यांवर ठेवून नुसती दिशा द्यावी.

सकाळचा पहिला तास जपण्याला शास्त्रीय कारण आहे. रात्री मणक्यांवरचा भार उतरतो आणि चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी माणूस रात्रीपेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंच भरतो. 1999 मध्ये एका स्वयंसेवकाच्या कंबरेतल्या चकतीत दाबमापक बसवून मोजलं, तर झोपताना 0.1 मेगापास्कल असलेला दाब सकाळपर्यंत 0.24 झाला होता. अशी टच्च भरलेली चकती वाकताना जास्त ताण सोसते. मोजे, बूट, बेसिनवर वाकून तोंड धुणं, खालून काही उचलणं, हे सगळं उठल्यावर तासाभराने. त्याच प्रयोगात 20 किलोचं ओझं पाठ वाकवून उचलताना 2.3 मेगापास्कल दाब भरला, तर गुडघे वाकवून उचलताना 1.7. फरक आहे, पण गुडघे वाकवले म्हणून ओझं हलकं होत नाही, हेही त्यातच दिसतं.

खुर्ची गुडघ्याच्या उंचीची किंवा किंचित उंच, म्हणजे साधारण 45 ते 50 सेंटीमीटर, हात असलेली आणि न घसरणारी हवी. मऊ, खोल सोफा या दिवसांत शत्रूच. उठताना आधी बैठकीच्या कडेला यायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं कमरेच्या खुब्यातून पुढे झुकायचं आणि मग हातांनी खुर्ची ढकलत उठायचं. पावलं पुढे राहिली की माणूस मागे कोसळतो. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं, तर एक हात टेबलावर किंवा भिंतीवर टेकायचा आणि गुडघे थोडे सैल सोडायचे. स्वच्छतागृहात टॉवेलची दांडी आधार म्हणून धरू नये, ती माणसाच्या वजनासाठी बसवलेली नसते.

काठी वापरण्यात कमीपणा नाही. कमीपणा चुकीच्या उंचीच्या काठीत आहे. घरातले बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, म्हणजे मूठ धरल्यावर कोपर थोडंसं वाकतं. आजोबांची जुनी काठी बहुधा जास्त उंच असते, तिने खांदा वर चढतो. कळ एका पायात उतरत असेल तर काठी विरुद्ध बाजूच्या हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकायची. टोकाच्या रबराची नक्षी झिजून गुळगुळीत झाली की रबर बदलायचं. वॉकर असेल तर त्याच्या चौकटीत राहून चालायचं. तो हातभर पुढे ढकलत वाकून चालणं म्हणजे कंबरेला रोजची शिक्षा.

गोळ्यांकडून किती अपेक्षा ठेवायची

पॅरासिटामॉल निरुपद्रवी म्हणून सगळ्यात आधी घेतली जाते. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात कंबर धरलेल्या 1,652 लोकांवर ती तपासली गेली. गोळी घेणारे साधारण 17 दिवसांत बरे झाले, खोटी गोळी घेणारे 16. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी थोडा उतार पडतो, पण उतारवयात त्यांची किंमत मोठी असते. जठरातून रक्तस्राव, रक्तदाब वाढणं, हृदय अशक्त असेल तर पायावर सूज. रक्तदाबासाठीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' शेवट असलेली गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल आणि त्यात ही तिसरी पडली, तर मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडू शकतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असणाऱ्यांनीही ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते. रात्री दोन वाजता लघवीला उठलेला, गुंगीतला, कंबर धरलेला माणूस पडतो आणि खुबा मोडतो. उसणीपेक्षा हा सौदा फार महागात जातो.

शेकाने आवळलेले स्नायू खरंच सैल होतात. कपड्यावरून, पंधरा-वीस मिनिटं. शेकाच्या पिशवीवर झोपायचं नाही. मधुमेहाने त्वचेची जाणीव कमी झाली असेल तर भाजल्याचं कळत नाही, तेव्हा तापमान दुसऱ्याने हाताला लावून पाहावं. मलम चोळलं असेल तर त्यावर लगेच शेक नको.

उसण नसलेली उसण

साठीनंतर अचानक दुखणाऱ्या पाठीत एक गोष्ट हमखास निसटते: मणका दबून झालेलं अस्थिभंग. हाडं विरळ झाली असतील तर त्याला पडायलाच हवं असं नाही. जोराची शिंक, घट्ट बसलेली खिडकी उचलणं, खुर्चीत धपकन बसणं पुरतं. छातीचा बारावा मणका आणि कंबरेचा पहिला मणका हे नेहमीचं ठिकाण. वर बरगड्यांनी जखडलेली ताठ पाठ संपते आणि खाली हलती कंबर सुरू होते, तो सांधा भार झेलतो. मणक्याचा पुढचा भाग खचतो, मागचा टिकतो, आणि मणका पाचरीसारखा होतो. अशा दोन-तीन पाचरी एकावर एक आल्या की पाठीला पोक येतं.

ओळखायचं कसं? दुखणं नेहमीच्या उसणीपेक्षा वर, पाठीच्या मधोमध. उभं राहिलं की वाढतं, सपाट झोपलं की बरंच उतरतं, पण कूस बदलताना जीव जातो. त्या मणक्यावर मुठीने हलकेच ठोकलं तर नेमक्या जागी कळ उठते. तरुणपणीच्या उंचीत चार सेंटीमीटर किंवा जास्त घट झाली असेल, किंवा दम्यासाठी, संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील, तर शंका पक्की धरून एक्स-रे काढावा. अगदी ताजं अस्थिभंग एक्स-रेत चुकू शकतं. तेव्हा शंका फिटली नाही तर इथे मात्र एमआरआय उपयोगाचा.

अशा अस्थिभंगांपैकी सुमारे दोन तृतीयांश कधी ओळखलेच जात नाहीत, वयाच्या नावावर खपतात. दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांचं कमी होतं, मग ओळखून काय फायदा? फायदा असा की मणका नुकताच मोडलेल्या दर पाच स्त्रियांमागे एकीचा आणखी एक मणका वर्षभरात मोडतो. हाडं बळकट करणारी औषधं ही साखळी तोडू शकतात, आणि ती सुरू करायला घनतेच्या तपासणीतला आकडा वाईटच यायला हवा असं नाही. साध्या शिंकेने मणका मोडला, यातच निदान झालं.

व्यायामाचं गणितही इथे उलटतं. 1984 मध्ये अमेरिकेत हाडं विरळ झालेल्या स्त्रियांच्या एका छोट्या अभ्यासात, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्के जणींना नवी अस्थिभंगं झाली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 16 टक्के होतं. अभ्यास लहान होता, पण स्वतःवर पुन्हा करून बघावा असा नाही. म्हणजे गुडघे छातीशी घेणं, पायाचे अंगठे धरणं बंद. उलट मज्जारज्जूची वाट अरुंद झालेल्या माणसाला पुढे झुकल्यावरच बरं वाटतं आणि मागे ताणल्यावर पाय बधिर होतात. शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायामाचा कागद आपल्याला लागू पडेल, असं समजू नये.

काही खुणांना घरी थांबायचंच नाही. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणं, दोन्ही पायांतलं बळ जाणं: यात तासांचा हिशेब असतो, थेट रुग्णालयात. पोट आणि पाठ एकदम दुखून घाम फुटला, भोवळ आली, तर महाधमनी, म्हणजे पोटातून जाणारी मुख्य रक्तवाहिनी, फुटत असू शकते, विशेषतः धूम्रपान केलेल्या पुरुषांत. तापाबरोबरची पाठदुखी, पूर्वी कर्करोग झालेल्याची नवी पाठदुखी, आडवं झाल्यावरही न थांबणारी रात्रीची कळ, पडल्यानंतरचं दुखणं: त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-चार दिवसांनी पुरळ उठलं, तर ती नागीण. तिचं औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

कळ ओसरली की बहुतेक जण सुटलो म्हणून थांबतात. गेलेलं बळ मोजायला एक सोपी चाचणी आहे. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्यायची, हात छातीवर आडवे, आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं, शेजारी कुणीतरी उभं असताना. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला 12 पेक्षा कमी, स्त्रीला 10 पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. हातांचा आधार घ्यावा लागला तर आकडा शून्य धरायचा. शून्य आलं तर बैठकीवर एक घट्ट, न घसरणारी उशी ठेवून उंची वाढवायची आणि हात न लावता पाच वेळा उठायचं, दिवसातून तीनदा. पाच सहज जमू लागले की आठ, मग पातळ उशी, मग उशीशिवाय.