फ्रँचायझीच्या करारातलं विम्याचं कलम आलं कुठून?

शाहूपुरीत किंवा व्हीनस कॉर्नरच्या आसपास गाळा भाड्यानं घेताना कोल्हापूरचा माणूस दोन गोष्टी विचारतो. भाडं किती, आणि 2019 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? फ्रँचायझीच्या करारनाम्याला यातला दुसरा प्रश्न पडत नाही. तो लिहिला जातो मुंबई-दिल्लीच्या कचेरीत आणि सगळ्या गावांना एकच मसुदा जातो. त्यात विम्याचं एक कलम असतं. दुकान, माल आणि यंत्रांचा विमा काढा, ग्राहकाला इजा झाली तर भरपाईची पॉलिसी ठेवा, त्या पॉलिसीत मूळ कंपनीचंही नाव घाला आणि नूतनीकरणाची प्रत दरवर्षी पाठवा. डिपॉझिट आणि रॉयल्टीच्या, म्हणजे कंपनीला नावापोटी द्यायच्या वाट्याच्या, आकड्यांवर रात्र-रात्र घासाघीस करणारे या पानावर मात्र मुकाट सही करतात.

‘फ्रँचायझीला विमा सक्तीचा आहे’ असं सर्रास म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. हा व्यवहार मुख्यतः 1872 च्या करार कायद्यावर चालतो. म्हणजे विम्याची ही सक्ती बहुतांशी कंपनीची आहे, सरकारची नव्हे. कंपनीला ती का हवी असते, याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हायवेलगत एकाच नावाची हॉटेलं आणि खाद्यगृहं उभी राहिली. ओल्या फरशीवरून घसरलेला ग्राहक दुकान चालवणाऱ्यावर दावा लावायचा, तसाच पाटीवर जिचं नाव आहे त्या कंपनीवरही. तेव्हापासून कंपन्यांनी दुकानदाराच्या पॉलिसीत आपलं नाव घालून घ्यायला सुरुवात केली. 1979 पासून तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार अशा अटी सहीच्या आधी लेखी सांगाव्या लागतात, आणि हल्ली ते कागद किमान 14 दिवस आधी हातात द्यावे लागतात. आपल्याकडे कलम आलं, ते चौदा दिवस काही आले नाहीत.

कोल्हापूरला दुसऱ्याच्या नावावर धंदा करणं मुळीच नवं नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळासाठी वसवलेल्या शाहूपुरीत पुढे पंपांच्या, खतांच्या, टायरच्या ‘एजन्स्या’ आल्या. त्या काळी विमा आठवायचा बँकेला. मालावर कर्ज दिलं की बँक आपलं नाव घालून आगीची पॉलिसी काढायला लावायची आणि हप्ता खात्यातून वळता करून घ्यायची. दुकानदाराला पॉलिसीचा कागद दिसलेलाही नसायचा. 1987 मध्ये एनआयआयटीनं संगणक शिक्षणात फ्रँचायझी आणली, 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं आणि ‘एजन्सी’ हा शब्द मागे पडत गेला. चहाच्या अमृततुल्यांपर्यंत फ्रँचायझी पोचली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

इकडे विमा कंपन्यांची गोष्ट वेगळ्याच वाटेनं चालली होती. 1 जानेवारी 1973 पासून 107 विमा कंपन्या मिळून चार सरकारी कंपन्या झाल्या, आणि आगीच्या विम्याचे दर पुढची कित्येक वर्षं एकाच दरपत्रकावर चालले. या पॉलिसीत वादळ-पुराचं संरक्षण असायचं खरं, पण ते वगळून घेतलं तर हप्ता थोडा कमी व्हायचा. उंचावरच्या गावात हे शहाणपणाचं ठरेलही. पंचगंगेकाठी ही सवलत घेणं म्हणजे स्वस्त मिळाली म्हणून बिनछपराची खोली घेण्यासारखं! 2007 मध्ये दर मोकळे झाले, तरी पॉलिसी वाचायची सवय काही लागली नाही.

मग पाण्यानंच वाचायला लावलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2005 चा पूर ही जुन्या माणसांची मोजपट्टी होती. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि ती पट्टीही बुडाली. दोन वर्षांत, जुलै 2021 मध्ये, पुन्हा तेच. मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली होती. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ही लागू होते, पूर त्यात मुळातच धरलेला आहे, आणि विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी क्लेमला त्यासाठी कात्री लागत नाही. बहुतेक फ्रँचायझी दुकानं या मापात बसतात.

तरी एक भोक राहतंच. 2019 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराची वाहतूक तुटली. राजारामपुरीच्या चढावरच्या दुकानात पाण्याचा थेंब आला नाही, पण माल येईना आणि गिऱ्हाईकही येईना. भाडं, पगार, रॉयल्टी सुरूच. बुडालेल्या नफ्याचा विमा वेगळा असतो, आणि तोही साधारणपणे स्वतःच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल तरच चालतो. 2020 च्या टाळेबंदीत हेच कारण पुन्हा आडवं आलं. करारात पूर आला तर रॉयल्टी थांबेल असं एक वाक्य घालून घेणं मला कुठल्याही पॉलिसीइतकंच मोलाचं वाटतं, पण ते मागतो कोण?

कायद्याची खरी सक्ती आहे ती माणसांबाबत. कामावर इजा झालेल्या कामगाराची भरपाई मालकावर 1923 च्या कायद्यानं आली, 1948 मध्ये ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, आलं. दोन्ही आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. दहा माणसं झाली की 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागतं. नऊ माणसांच्या दुकानात भरपाईची जबाबदारी मात्र मालकाच्या खिशावर राहते, म्हणून कामगार भरपाईची पॉलिसी. डिलिव्हरीच्या गाडीला थर्ड पार्टी विमा हवाच. खाण्याच्या धंद्यात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावरही टाकली. कंपनीच्या नावाची भरपाई-पॉलिसी इथे दुकानदाराच्याही कामी येते.

पॉलिसी चालते ती तिच्यावर लिहिलेल्या पत्त्यावर. बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की लक्ष्मीपुरीतला माल टेम्पोत घालून पाहुण्यांच्या घरी हलवायची इथली रीत आहे, आणि ती योग्यच आहे. टेम्पो सुटण्याआधी विमा कंपनीला नव्या पत्त्याचा मेल गेलेला असावा, आणि स्टॉकचं रजिस्टर गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातून आधी वर काढलेलं असावं.