एकदिवसीय क्रिकेटमधील भारतीय गोलंदाजांची तुलनात्मक कामगिरी

भारतीय गोलंदाजांचे एकदिवसीय आकडे शेजारी ठेवायचे म्हटले की आधी ठरवावे लागते ते मोजायचे काय. बळींची संख्या सर्वांत सोपी, म्हणून यादी तिच्यावरूनच लावली जाते. तिच्याखेरीज तीन मोजमापे वापरतात : एका बळीमागे दिलेल्या धावा म्हणजे सरासरी, एका षटकामागे दिलेल्या धावा म्हणजे इकॉनॉमी आणि एका बळीमागे टाकलेले चेंडू म्हणजे स्ट्राइक रेट. तिन्ही जितकी कमी तितकी चांगली. मात्र एकाच गोलंदाजाच्या बाबतीत ती क्वचितच एकमताने बोलतात, आणि कट्ट्यावरचे वाद तिथूनच सुरू होतात.

भारताचा पहिला एकदिवसीय सामना १३ जुलै १९७४ रोजी हेडिंग्लेला इंग्लंडविरुद्ध झाला. भारतातर्फे पहिला चेंडू मुंबईच्या एकनाथ सोलकरने टाकला आणि पहिला गडीही त्यानेच बाद केला. तेव्हा डाव ५५ षटकांचा होता. पहिल्या तीन विश्वचषकांत ६० षटके असत आणि एका गोलंदाजाला १२ षटके मिळत. १९७५ च्या स्पर्धेत बिशनसिंग बेदीने पूर्व आफ्रिकेविरुद्ध १२ षटकांपैकी ८ निर्धाव टाकली आणि ६ धावांत १ गडी बाद केला. हे पृथक्करण आजच्या वाचकाला छपाईची चूक वाटावी असे आहे.

बळींच्या यादीत अनिल कुंबळे पहिला : २७१ सामने, ३३७ बळी. यातले ३ बळी भारतासाठीचे नाहीत, आशिया एकादश या आशियाई देशांच्या संयुक्त संघाकडून खेळताना मिळालेले आहेत. त्यामुळे काही ठिकाणी ३३४ हा आकडा दिसतो, दोन्ही बरोबरच. झहीर खानच्या २८२ पैकी १३ आणि हरभजनसिंगच्या २६९ पैकी ४ बळीही आशिया एकादशचे. या तिघांच्या मध्ये जवागल श्रीनाथ (३१५) आणि अजित आगरकर (२८८) आहेत, आणि मागे कपिलदेव (२५३). श्रीलंकेच्या मुरलीधरनचे ५३४ किंवा पाकिस्तानच्या वसीम अक्रमचे ५०२ बळी समोर ठेवले, तर भारतीय यादी तळाशी भक्कम आणि शिखरावर ठेंगणी आहे हे मान्य करावे लागते.

कपिल आणि आगरकर ही जोडी तुलनेचा खरा धडा देते. कपिलची सरासरी २७.४५, आगरकरची २७.८५, म्हणजे जवळपास सारखी. पण कपिलने षटकामागे ३.७१ धावा दिल्या, आगरकरने ५.०७. उलट कपिलला एका बळीसाठी सुमारे ४४ चेंडू लागत, तर आगरकरला अवघे ३३. एकाने फलंदाजाला जखडून ठेवले, दुसऱ्याने मार खाल्ला आणि गडीही मिळवले. मुंबईकर आगरकरने पहिले ५० बळी २३ सामन्यांत घेतले होते. १९९८ चा हा विश्वविक्रम २००९ मध्ये श्रीलंकेच्या अजंता मेंडिसने मोडला. तरीही ‘धावा फार देतो’ हा शिक्का त्याच्यावरून पुसला गेला नाही. अडीचशेहून अधिक बळी घेणाऱ्या भारतीयांत पाचापेक्षा जास्त इकॉनॉमी असलेला तो एकटाच, हे खरे. पण त्याच यादीत त्याच्याइतक्या झटपट बळी घेणारा दुसरा कोणी नाही, हेही तितकेच खरे. हरभजन नेमका दुसऱ्या टोकाला : इकॉनॉमी ४.३१, सरासरी मात्र ३३ च्या वर.

काळाचा हिशेब धरल्याशिवाय इकॉनॉमी वाचू नये. कपिलच्या काळात षटकामागे चार धावा म्हणजे बरी गती होती. पुढे क्षेत्ररक्षणावरचे निर्बंध कडक होत गेले. २०११ पासून दोन्ही टोकांना वेगवेगळा नवा चेंडू आला, चेंडू जुना होईना आणि रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत उलट्या दिशेने वळणे) जवळजवळ संपला. २०१२ मध्ये खेळपट्टीभोवतीच्या तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवायची सक्ती आली. २०१५ मध्ये शेवटच्या दहा षटकांपुरती ती सैल झाली. जुलै २०२५ पासून ३४ षटकांनंतर एकच चेंडू दोन्ही बाजूंनी वापरतात.

या पार्श्वभूमीवर मोहम्मद शमी आणि जसप्रीत बुमराह यांचे आकडे वाचावे लागतात. २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकाअखेर शमीचे १०८ सामन्यांत २०६ बळी होते. पहिले २०० त्याने ५१२६ चेंडूंत घेतले. इतक्या कमी चेंडूंत जगात कोणीही हा टप्पा गाठलेला नव्हता. बुमराहचे २०२३ च्या विश्वचषकाअखेर ८९ सामन्यांत १४९ बळी, सरासरी २३.५५ आणि इकॉनॉमी ४.५९. शेवटची षटके टाकणाऱ्याने आजच्या काळात पाचाच्या आत राहणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते कपिलच्या ३.७१ च्या तोडीचे आहे. गंमत अशी, की सरासरीच्या यादीला १५० बळींची अट घातली तर बुमराह एका बळीने बाहेर राहतो. अशा याद्या अटी घालणाऱ्याच्या हातात असतात त्या अशा.

डावात पाच बळी घेणे भारतीयांना फारसे जमलेले नाही. कपिलने ते संपूर्ण कारकिर्दीत एकदाच केले, १९८३ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४३ धावांत. तो सामना भारत हरला. कुंबळेने दोनदा. सचिन तेंडुलकरनेही दोनदाच, आणि दोन्ही वेळा कोचीला! शमीने सहा वेळा ही मजल मारली.

एका सामन्यातल्या विक्रमांत कुंबळेचे १२ धावांत ६ बळी (हिरो करंडक अंतिम सामना, ईडन गार्डन्स, १९९३) वीस वर्षे अबाधित होते. २०१४ मध्ये मिरपूरला स्टुअर्ट बिन्नीने ४ धावांत ६ बळी घेतले. भारत स्वतः १०५ मध्ये गारद झाला होता, आणि बांगलादेशला ५८ धावांतच गुंडाळले. बिन्नी कारकिर्दीत एकूण १४ एकदिवसीय सामनेच खेळला. शमीचे न्यूझीलंडविरुद्धचे ५७ धावांत ७ बळी (वानखेडे, २०२३) कागदावर महाग दिसतात, पण त्या उपान्त्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून ७२४ धावा काढल्या होत्या. सात बळी घेणारा तो पहिला भारतीय.

हॅट्ट्रिकमध्ये, म्हणजे लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेण्यात, महाराष्ट्राची भूमी आपसूक येते : विश्वचषकातली पहिलीवहिली हॅट्ट्रिक चेतन शर्माने १९८७ मध्ये नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध साधली, तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत. एकदिवसीय सामन्यांत दोन हॅट्ट्रिक घेणारा भारतीय मात्र कुलदीप यादव.

या साऱ्या चर्चेत महिलांचे आकडे बहुधा वगळले जातात. झूलन गोस्वामीचे २०४ सामन्यांत २५५ बळी (सरासरी २२.०४) हा महिलांचा विश्वविक्रम असून संख्येने तो कपिलपेक्षा दोनने पुढे आहे. महिलांच्या सामन्यांतली धावगती वेगळी असल्याने सरळ तुलना करता येत नाही. तरीही डावखुरी फिरकी टाकणाऱ्या नीतू डेव्हिडची ९७ सामन्यांतली १४१ बळींची कामगिरी १६.३४ च्या सरासरीने आहे.