रोहित्रातले तेल: गाळून घेणे वेगळे, बदलणे वेगळे

पुण्यात उच्चदाब वीजजोडणी असलेल्या कारखान्यांत, रुग्णालयांत आणि मोठ्या संकुलांत पावसाळ्याआधी रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) तेलाचे काम काढले जाते. कंत्राटदाराच्या कोटेशनात कधी ‘ऑइल फिल्ट्रेशन’ असते, कधी ‘ऑइल रिप्लेसमेंट’, आणि मंजुरी देणारी मंडळी पुष्कळदा हे एकाच कामाचे स्वस्त आणि महाग प्रकार आहेत असे धरून चालतात. साध्या खनिज तेलाच्या बाबतीत या समजुतीने फार तर पैसे वाया जातात. तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी हे क्लोरीनयुक्त विषारी रसायन, असेल तर मात्र ती घातक ठरते, कारण गाळण्याने पीसीबी निघत नाही, उलट गाळण्याचे यंत्रच ते पुढच्या रोहित्रात नेऊन सोडते.

गाळणीच्या यंत्रात तेल साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, बारीक छिद्रांच्या कार्ट्रिजमधून सोडतात आणि निर्वात कक्षात त्यातली आर्द्रता व विरघळलेले वायू ओढून काढतात. पाणी, हवा, कागदाचे तंतू आणि गाळ या चार गोष्टी त्यामुळे जातात आणि तेलाची विद्युतरोधक क्षमता पुन्हा वर येते. तेल आम्लधर्मी होऊन काळवंडले असेल तर फुलर्स अर्थ या मातीतून ते फिरवतात, तेव्हा आम्ले आणि जुनाट तेलातला चिकटा त्या मातीला धरून राहतो. ही दोन्ही कामे आवश्यक आहेत आणि वेळेवर केली तर रोहित्राचे आयुष्य खरोखर वाढते. मात्र पीसीबी हा तेलात तरंगणारा कचरा नाही. त्याचे रेणू तेलात पूर्ण विरघळलेले असतात, त्यामुळे ते कार्ट्रिजमध्ये अडकत नाहीत, आणि त्यांचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असल्यामुळे निर्वात कक्षातही वाफ होऊन निघून जात नाहीत.

बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) चाचणीचा अहवाल जवळजवळ प्रत्येक संस्थेच्या फायलीत असतो. अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमधले तेल किती किलोव्होल्टच्या दाबाला रोधकपणा गमावून ठिणगी पडू देते, एवढेच ती चाचणी सांगते. पाणी आणि तंतू असतील तर आकडा खाली येतो, पीसीबीमुळे येत नाही, कारण पीसीबी स्वतःच उत्तम विद्युतरोधक आहे आणि नेमक्या याच गुणासाठी तो रोहित्रांत भरला गेला. त्यामुळे दूषित तेल गाळून घेतल्यावर बीडीव्हीचा आकडा झकास येतो, शिक्का बसतो आणि सगळे निश्चिंत होतात. ही निश्चिंती मला सर्वांत जास्त काळजीची वाटते.

पीसीबीचे व्यावसायिक उत्पादन अमेरिकेत १९२९ मध्ये सुरू झाले. ते सहज पेटत नाही, म्हणून इमारतींच्या तळघरांत, भट्ट्यांजवळ, रेल्वेच्या इंजिनांत ते क्लोरोबेन्झिनमध्ये मिसळून वापरले गेले. या मिश्रणाला अस्करेल म्हणतात, आणि जुन्या नेमप्लेटवर ते पायरॅनॉल, इनरटीन, क्लोफेन किंवा सोव्हटोल अशा व्यापारी नावांनीही आढळते. पुढे त्याची दुसरी बाजू समोर आली. १९६८ मध्ये जपानमध्ये खाद्यतेलात पीसीबी मिसळून झालेली विषबाधा युशो या नावाने ओळखली जाते, आणि तैवानमध्ये १९७९ मध्ये तसेच पुन्हा घडले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील सरकारी कार्यालयाच्या तळघरात फेब्रुवारी १९८१ मध्ये विजेच्या दोषाने आग लागून अस्करेल भरलेले रोहित्र फुटले. डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी संयुगे असलेली काजळी हवेच्या मार्गांतून सगळ्या मजल्यांवर पसरली आणि ती इमारत १९९४ पर्यंत पुन्हा वापरात आणता आली नाही.

भारतात पीसीबी बनत नव्हते, ते आयात झाले. म्हणून पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आधी शोधायचे ते जुन्या आयात यंत्रांबरोबर आलेले रोहित्र किंवा कपॅसिटर. तरीही ‘आमचे रोहित्र देशी आहे, त्यात खनिज तेलच भरले होते’ एवढ्यावर थांबता येत नाही. समजा, हजार लिटर खनिज तेलाचे रोहित्र आहे. त्या तेलाचे वजन सुमारे ८८० किलो. दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीसीबीची जी सर्वांत खालची मर्यादा धरली आहे, ती ०.००५ टक्के, म्हणजे ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग). एवढ्या तेलात ५० पीपीएमला पीसीबी होते ४४ ग्रॅम, आणि ते भरायला अस्करेल लागते जेमतेम ५० मिलिलिटर, टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासापेक्षाही कमी. गाळणीच्या यंत्रात, नळ्यांत आणि पंपात मागच्या जागेचे तेल याहून कितीतरी जास्त उरते. एकच यंत्र या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरते, टॉप-अपसाठी अर्धा उरलेला बॅरल वापरला जातो, आणि मुळात स्वच्छ असलेले रोहित्र दूषित होते.

आता बदलण्याविषयी. जुने तेल पूर्ण काढून, आतले भाग धुऊन आणि नितळू देऊन निर्वातात नवे तेल भरणे याला आपल्याकडे रेट्रोफिल म्हणतात. यात पीसीबी खरोखर बाहेर जाते, पण एका फेरीत सगळे जात नाही. वाइंडिंगवरचा (तारेच्या वेटोळ्यांवरचा) कागद, प्रेसबोर्ड (दाबून केलेला जाड पुठ्ठा) आणि लाकडी आधार यांत मुरलेले तेल, साधारण ५ ते १० टक्के, आतच राहते आणि रोहित्र भारावर तापू लागले की पुढच्या आठवड्यांत नव्या तेलात उतरते. म्हणून भरल्याच्या दिवशी घेतलेला नमुना दिशाभूल करतो. अमेरिकी नियमांत रोहित्र किमान ९० दिवस चालवून मग नमुना घेण्याची अट आहे, आणि ती आपणही आपल्या वर्क ऑर्डरमध्ये घालावी असे माझे ठाम मत आहे. १० टक्के शिल्लक धरली तर ३०० पीपीएमचे दूषित खनिज तेल एका फेरीत ३० वर येते आणि काम होते. अस्करेलमध्ये मात्र सुरुवातच सुमारे ६ लाख पीपीएमने होते. पहिल्या फेरीनंतर ६० हजार, मग ६ हजार, मग ६००, मग ६०, आणि पाचव्या फेरीनंतर कुठे ५० च्या खाली. दर फेरीला महिने थांबायचे आणि दर फेरीचे काढलेले तेल घातक कचरा म्हणून पाठवायचे, यापेक्षा अस्करेलचे रोहित्रच काढून नवे बसवणे शहाणपणाचे आहे. कपॅसिटरमध्ये तर द्रव बदलण्याचा प्रश्नच येत नाही, तो सीलबंद अवस्थेतच विल्हेवाटीला द्यावा लागतो.

त्यामुळे कोटेशन मागवण्याआधी पीसीबीची चाचणी करून घेतली पाहिजे. अस्करेल पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने पाण्यात बुडते आणि खनिज तेल तरंगते, परंतु ही ओळख शुद्ध अस्करेलपुरतीच उपयोगी आहे, ५०० पीपीएमचे दूषित तेलही तरंगणारच. प्राथमिक चाचणीत सोडियमच्या साहाय्याने क्लोरीन सुटे करून रंगावरून अंदाज घेतात. तेथे क्लोरीन दिसले तर ते दुसऱ्या एखाद्या संयुगाचेही असू शकते, म्हणून निर्णय गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या, अहवालावरच घ्यावा. पीसीबी आढळले आणि रोहित्र अन्यथा धडधाकट असेल, तर सोडियमच्याच प्रक्रियेने पीसीबीचा रेणू मोडून तेल स्वच्छ करण्याचा मार्गही आहे, मात्र ते काम नेहमीच्या गाळणी यंत्राचे नव्हे.

नव्याने काय भरायचे, हा प्रश्न पीसीबी नसलेल्या रोहित्रांतही हल्ली निघतो, कारण खनिज तेल सुमारे १७० अंशांना पेट घेऊन जळत राहते, तर सोयाबीनसारख्या वनस्पतीपासून केलेल्या नैसर्गिक एस्टरचा हा अंक ३०० अंशांच्या वर असतो. रुग्णालयाच्या आवारात हा फरक मोलाचा आहे. मात्र जुने खनिज तेल सुमारे ७ टक्क्यांहून अधिक मागे राहिले तर हा अंक ३०० च्या खाली घसरतो, त्यामुळे नितळण्याला दिलेले तास येथेही वाचवता येत नाहीत. शिवाय नैसर्गिक एस्टर उघड्या हवेत ऑक्सिडीकरणाने घट्ट होतो. साधा सिलिका जेलचा ब्रीदर (आत येणारी हवा कोरडी करणारा भाग) असलेल्या रोहित्रात तो भरायचा असेल, तर हवेशी संपर्क तोडण्याची सोय आधी करावी आणि गॅस्केट व कूलिंग यांविषयी उत्पादकाचे लेखी मत घ्यावे.

काढलेल्या तेलाचे काय करायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे. भारताने स्टॉकहोम कराराला २००६ मध्ये मान्यता दिली आणि २०१६ च्या केंद्रीय आदेशाने पीसीबीचा वापर थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरवली. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत पुनर्प्रक्रियेस योग्य वापरलेल्या तेलात पीसीबी किलोमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे अशी अट आहे. म्हणजे ३० पीपीएमचे तेल जुने तेल म्हणून विकणेही चालत नाही, आणि स्वच्छ तेल मिसळून आकडा खाली आणणे हा उपाय नव्हे, त्याने दूषित तेलाचे प्रमाण केवळ वाढते. धुण्यासाठी वापरलेले तेल, कार्ट्रिज, चिंध्या, हातमोजे आणि सांडलेले शोषलेली वाळू हे सारे त्याच हिशेबात धरून अधिकृत संस्थेकडे मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्रासह) जावे लागते. रिकामी झालेली टाकी आणि वाइंडिंगही तसेच, कारण तांबे सुटे करण्यासाठी भंगारात कागदासकट वाइंडिंग जाळले जाते, आणि कागदात मुरलेले पीसीबी उघड्यावर जळाले की त्यातून फ्युरान आणि डायॉक्सिन तयार होतात.