‘वाचलंयस ना ते?’

कोपरखैरण्याला बहिणीकडे गेलं की एक संवाद ठरलेला असतो. भाची बाल्कनीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली, मांडीवर सातशे पानांचं जाडजूड पुस्तक, एक इंग्रजी फँटसी, म्हणजे जादू आणि अद्भुताची लांबलचक कादंबरी. आतून बहीण पोळ्या लाटता लाटता विचारते, “अगं, वाचलंयस ना ते? कितव्यांदा?” भाची मान वर न करता सांगते, “चौथ्यांदा.” बारावीचं वर्ष आहे, क्लासच्या टेस्ट आहेत, त्यामुळे बहिणीची काळजी मला कळते. पण तिच्या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे. तो सांगावा म्हणून हे लिहिते आहे.

एकदा ते पुस्तक मी हातात घेऊन नीट पाहिलं. पहिली सव्वाशे पानं मऊ पडली होती, कडा काळवंडल्या होत्या, आणि पाठीवरच्या घड्या सगळ्या सुरुवातीकडेच होत्या. पुढची पानं त्या मानाने करकरीत. त्या सव्वाशे पानांत राक्षसांचा एक हल्ला येतो, पण बाकी जागा गावाचीच आहे. एक मुलगा आहे, त्याचं गाव आहे, गावातली खाणावळ आहे, आणि तिथे आलेली अनोळखी माणसं आहेत. मुलाने अजून घर सोडलेलं नाही.

माझ्या आजीची हरिविजयाची पोथी नौपाड्यातल्या आमच्या घरी लाल फडक्यात बांधून ठेवली आहे. तीही उघडून पाहिली. कंसवधाची पानं बरी आहेत. सगळ्यांत मळलेले आहेत ते गोकुळाचे अध्याय. तिथे हळदीची बोटं उमटली आहेत, एका पानावर तेलाचा गोल डाग पडून अक्षरं पलीकडून दिसतात. आजी दर चातुर्मासात पोथी लावायची. दुपारची भांडी आवरली की पाटावर पोथी, समोर शेजारच्या दोघी-तिघी. गोष्ट सगळ्यांना पाठ. तरी “वाचलीयस ना ती?” असं तिला कधी कुणी विचारलं नाही. त्याला पारायण म्हणत आणि ते करणाऱ्याला मान असे.

इंग्रजीत ज्याला ‘कमिंग ऑफ एज’ म्हणतात त्याला आपण पटकन ‘वयात येणं’ म्हणतो, पण तो शब्द शरीराचा आहे. या गोष्टी जाणतं होण्याच्या आहेत. पोर घरातून निघतं, चुकतं, शिकतं, आणि आपण कोण हे त्याला हळूहळू उमगतं. जर्मनीत गटेने १७९५-९६ मध्ये अशा एका तरुणाच्या घडणीची कादंबरी लिहिली आणि पुढे युरोपात तो वेगळा प्रकारच मानला गेला. आपल्याकडे श्रीधर कवींचा हरिविजय १७०२ चा. तुरुंगात जन्मलेलं मूल रातोरात नदीपलीकडे पोचवलं जातं, गवळ्यांच्या घरी दह्यादुधात वाढतं, हा कोण आहे याची गावाला नीट कल्पना नसते, मग मथुरेहून बोलावणं येतं आणि गोकुळ सुटतं. कंसाशी गाठ पडते, त्यानंतर सांदीपनींच्या घरी विद्या आणि सुदाम्याची मैत्री. कुणी कुणाचं उचललं असं मला म्हणायचं नाही. पण भाचीच्या पुस्तकाचा सांगाडा आजीने पहिल्या पाच मिनिटांत ओळखला असता एवढं नक्की.

श्रीधरांनी १७०३ मध्ये रामविजय आणि १७१२ मध्ये पांडवप्रताप रचला. संस्कृत न येणाऱ्या बायाबापड्यांना ऐकता ऐकता कळावी अशी त्यांची ओवी आहे. आणि या पोथ्यांची आणखी एक रीत आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक अध्यायाचं तोंड ठरलेलं. श्रीगणेशाला नमन, मग श्रोत्यांना हाक, मागे काय झालं त्याची आठवण. शेवटही ठरलेला. कान त्या शब्दांना सरावले की मन आपोआप खाली बसतं. चांदोबातला विक्रम आठवा. हे मासिक मराठीत १९५२ साली सुरू झालं आणि त्यातला राजा दर महिन्याला त्याच झाडाकडे परतला, तेच प्रेत खांद्यावर घेतलं आणि वेताळाने त्याच सुरात बोलायला सुरुवात केली. आम्ही भावंडं नवी गोष्ट वाचण्याआधी ती जुनी ओळ मोठ्याने म्हणायचो.

छापील कादंबरी आली तेव्हा मराठीने आधी अद्भुताचीच वाट धरली होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा १८६८ ची. राजपुत्र, कपटी कारभारी, ताटातूट आणि शेवटी मिलन. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस कथा मराठीत आणायला घेतल्या. मग १८८५ पासून हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी मध्यमवर्गाच्या माजघरात आणली. ते व्हायलाच हवं होतं. बालविधवांचं दुःख कुणीतरी लिहायला हवंच होतं. पण त्यानंतर एक गोष्ट झाली, तिचं मला वाईट वाटतं. अद्भुत म्हणजे पोरांचं, गंभीर माणसाने वास्तव वाचावं, अशी वाटणी ठरून गेली. ‘अद्भुतरम्य’ हा शब्द समीक्षेत कौतुकाने आलेला मी फारसा वाचलेला नाही.

तरी एक माणूस त्या वाटेवर परत गेला. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे नाथमाधव. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. अंथरुणाला खिळल्यावर त्यांचं वाचन वाढलं आणि वाचनातून लेखन आलं. त्यांची वीरधवल १९१३ ची. भुयारं, मायावी शक्ती, राज्य गमावलेला वीर, सगळं तिच्यात आहे. ज्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं त्याने मराठी वाचकाला इतकं रानोमाळ हिंडवलं. अशा पुस्तकांना कुणी वेळ घालवण्याचं साधन म्हटलं की मला नाथमाधवांचा पलंग आठवतो.

परदेशात ही वाट बंद झाली नाही, पण रुळायला वेळ लागला. इंग्रज लेखक टोल्किन यांचं हॉबिट १९३७ चं आणि अंगठीची तीन खंडांची महाकथा (लॉर्ड ऑफ द रिंग्ज) १९५४-५५ ची. तिचा खरा भडका उडाला तो १९६५ मध्ये, अमेरिकेत स्वस्त कागदी बांधणीच्या आवृत्त्या निघाल्यावर. कॉलेजच्या मुलांच्या झोळीत ती दिसू लागली. मात्र तिथले नायक तसे प्रौढच. शिकणारं पोर मध्यभागी आलं ते अर्सुला ले गुइन या अमेरिकन लेखिकेमुळे. एका प्रकाशकाने त्यांच्याकडे मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं. त्यांना प्रश्न पडला की गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात. ते पोरसवदा असताना काय करत होते, जादू कुठे शिकले? त्या प्रश्नातून १९६८ मध्ये बेटांच्या जगातला एक शेळ्या राखणारा मुलगा जन्माला आला. त्याची कातडी तांबूस-तपकिरी आहे, आपल्यासारखी. तो गर्वाच्या भरात घोडचूक करतो, स्वतःच्याच सावलीला जगात मोकळं सोडतो, आणि पुढची सगळी गोष्ट ती चूक निस्तरण्याची आहे. सोळा-सतराव्या वर्षी हे वाचायला मिळणं म्हणजे केवढा आधार. चूक झाली तरी गोष्ट संपत नाही.

मालिकांचं पीक आलं १९७७ नंतर. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बॅलंटाईन या प्रकाशनसंस्थेने डेल रे नावाची स्वतंत्र शाखा काढली, तिची पहिली नवी कादंबरी खपाच्या यादीत गेली, आणि मोठ्यांसाठी लिहिलेली फँटसीही भरपूर विकली जाते हे प्रकाशकांना कळलं. १९८२ ते १९८४ दरम्यान डेव्हिड एडिंग्ज यांची पाच भागांची मालिका आली. तिच्यातल्या मुलाची पहिली आठवण म्हणजे शेतघराचं स्वयंपाकघर. किती वाचकांनी त्या स्वयंपाकघरात आसरा घेतला असेल. आणि इथेच मला थांबावं लागतं, कारण एडिंग्ज पतिपत्नींना १९७० मध्ये त्यांनी दत्तक घेतलेल्या मुलांच्या छळाबद्दल शिक्षा झाली होती, दोघांनी तुरुंगवास भोगला होता. हे वाचकांसमोर आलं ते दोघांच्या मृत्यूनंतर. ते कळल्यापासून मी ती पुस्तकं उघडलेली नाहीत. ज्यांना अजून तिथे विसावा मिळतो त्यांना मी नावं ठेवणार नाही, पण भाचीला ती मी आपणहून दिली नाहीत.

तिच्या मांडीवर असतो तो रॉबर्ट जॉर्डन यांच्या कालचक्राच्या (द व्हील ऑफ टाइम) मालिकेचा पहिला भाग, १९९० चा. मूळ मालिका चौदा खंडांची. लेखक २००७ मध्ये गेला. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने मागे राहिलेल्या टिपणांवरून शेवटचे तीन खंड पुरे केले आणि २०१३ च्या जानेवारीत मालिका संपली. त्या चौदाही खंडांच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात जवळजवळ त्याच शब्दांनी होते: चक्र फिरतं, युगं येतात आणि जातात, कुठेतरी वारा उठतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कानात आजीचं श्रीगणेशाय नमः वाजलं. मधले काही खंड रेंगाळतात अशी तक्रार वाचक वर्षानुवर्षं करत आले आहेत. पहिल्या वाचनात ती खरीच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मात्र तेच रेंगाळणं हवंसं होतं. ठाण्याहून पनवेलच्या गाडीत बसल्यावर कुणाला घाई असते? खाडी ओलांडून गाडी ऐरोली-रबाळे करत निघाली की पुस्तकातली माणसंही आपल्यासोबत चहा घेत बसतात.

आपल्याकडे ही पुस्तकं आधी फोर्टच्या फुटपाथवरून आली, डाग पडलेली, मधलाच तिसरा भाग हाताला लागलेली. नंतर वजनावर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनांतून आली. घराघरांत पोचवलं ते मात्र १९९७ ते २००७ या दहा वर्षांतल्या हॅरी पॉटरने. तो मुलगा वाचकांबरोबर वर्षावर्षाने मोठा होत गेला, आणि त्याच्या पहिल्या भागाच्या मराठी नावात तर थेट परीस आला. त्या एका शब्दाने ते पुस्तक आपल्या ओट्यावर आणून ठेवलं असं मला वाटतं.

या वाचनाला पळवाट म्हणणारे तेव्हाही होते. १९३९ मध्ये टोल्किन यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं, त्यात त्यांचा सवाल साधा होता: तुरुंगात पडलेला माणूस बाहेर पडून घरी जायचा विचार करत असेल, तर त्याला दोष का द्यायचा? रणातून पळणारा वेगळा आणि कैदेतून सुटू पाहणारा वेगळा. मला यावर साने गुरुजी आठवतात. १९३३ च्या फेब्रुवारीत ते नाशिकच्या तुरुंगात होते, खरोखरच्या भिंतींच्या आत. तिथे त्यांनी काय लिहिलं? कोकणातलं घर, आई, एका पोराच्या चुका आणि त्याचं शहाणं होणं. श्यामची आई बेचाळीस रात्रींत सांगितलेली आहे, पोथीसारखी, रोज थोडी थोडी. तिच्यात जादू नाही, पण घराघरांत ती ज्या रीतीने पुन्हा पुन्हा वाचली गेली त्याला मी तरी पारायणच म्हणेन.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मी नौपाड्यातल्या घरी चौदा दिवस एका खोलीत बंद होते. ताटली दाराबाहेर ठेवली जायची. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. शेजारी आणलेलं नवं, गाजलेलं पुस्तक होतं आणि मला ते दहा पानांपलीकडे वाचवेना, कारण त्यात कोण जगेल आणि कोण नाही हे मला माहीत नव्हतं. बाहेर तेच तर चाललं होतं. मग मी कालचक्राचा पहिला भाग उघडला. वारा उठला. तो मुलगा बापाबरोबर गाडीशेजारून चालत गावाकडे निघाला होता, आणि शेवटच्या खंडापर्यंत त्याचं काय होणार हे मला ठाऊक होतं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग सहा तास झोपले. शेवट माहीत असणं ही वाचनातली उणीव मानतात. आजीच्या श्रोत्यांना ती कधी वाटली नव्हती, आणि त्या खोलीत मलाही वाटली नाही.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू झालं. त्यासाठी खटपट करणारे विनायक लक्ष्मण भावे म्हणजे पुढे महाराष्ट्र सारस्वत लिहून जुन्या मराठी कवींचा इतिहास मांडणारे भावे. पोथ्यांवर जीव असलेल्या माणसाने या गावात वाचनालय उभं केलं, याचं मला अप्रूप आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाची माझ्याकडे राहायला आली होती. तिला वीरधवल मिळवून दिली. पहिले दोन दिवस कुरकुर: “मावशी, किती अवघड मराठी आहे, आणि एका वाक्यात किती ते शब्द!” तिसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. कोपरखैरण्याला जाताना पुस्तक तिच्या पिशवीत गेलं. परवा बहिणीचा फोन आला होता. तक्रार अशी की आता तेही दुसऱ्यांदा चालू आहे.